चार कोटी पावलांची निवृत्ती

आमच्या ऑफिसात हल्ली चहाच्या वेळी निवृत्तीचा विषय हमखास निघतो. आणि बोलणाऱ्यांपैकी एकही जण पंचेचाळिशीच्या पुढचा नसतो! कुणाकडे एसआयपीची गणितं असतात, कुणाकडे एक्सेल शीट. महागाई अमुक टक्के धरली, घरखर्च तमुक धरला, तर कितव्या वर्षी नोकरीला रामराम ठोकता येईल ते शीटच्या तळाशी पिवळ्या रंगात दिसतं. फॉर्म्युले बिनचूक असतात. पण एक रकाना मी अजून कुणाच्याच शीटमध्ये पाहिलेला नाही. नोकरी सुटल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी काय करणार? ठीक आहे, पहिल्या सोमवारी झोपणार. मग दहाव्या? तीनशेव्या?

या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात भारी उत्तर दोनशे वर्षांपूर्वी एका जपानी दारू-व्यापाऱ्याने देऊन ठेवलंय. त्याचं नाव इनो तादाताका. जपानमध्ये शाळेतल्या पोरांनाही हे नाव माहीत असतं. आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

इनोचा जन्म १७४५ चा. आजच्या चिबा प्रांतातल्या समुद्रकाठच्या एका खेड्यातला. लहानपणीच आई गेली. सतराव्या वर्षी तो सावारा गावच्या इनो घराण्यात घरजावई म्हणून आला. घराण्यातली मुलगी मिची तरुणपणीच विधवा झालेली, घरात कर्तं माणूस नाही, आणि साके गाळण्याचा, धान्याचा, नदीतून मालवाहतुकीचा धंदा डबघाईला येत चाललेला. अशा घरात दत्तक जायचं म्हणजे काय असतं, हे आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या गोष्टी ऐकलेल्यांना सांगायला नको. नाव त्यांचं, जबाबदारी तुमची.

या गड्याने ती निभावली. धंदा वर काढला. १७८३ पासून जपानमध्ये तेनमेईचा भयंकर दुष्काळ पडला, ईशान्येत माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. त्या वर्षांत इनोने दूरवरून तांदूळ आणवून गावात वाटला आणि सावारात भूकबळी पडू दिले नाहीत, असं सांगतात. गावचा प्रमुख म्हणून मान मिळाला, तलवार बाळगायचा अधिकार मिळाला. त्याच १७८३ मध्ये मिची वारली.

हे सगळं चालू असताना त्याला आतून ओढ होती ती गणिताची आणि आकाशाची. फावल्या वेळात तो पंचांगगणिताची पुस्तकं वाचायचा. वीकेंड प्रोजेक्टच म्हणा ना! पण वीकेंडला किती होणार... म्हणून चाळिशीच्या मध्यात त्याने निवृत्तीचा अर्ज केला. जपानमध्ये याला ‘इन्क्यो’ म्हणतात. घराचा कारभार मुलाच्या हाती द्यायचा आणि बाजूला व्हायचं. आपल्या वानप्रस्थासारखंच काहीसं, फक्त वनात जायची अट नाही. पण वरच्या जहागीरदाराने अर्ज फेटाळला. इतका कामाचा माणूस कोण सोडतो? शेवटी १७९४ च्या अखेरीस परवानगी मिळाली. म्हणजे चार वर्षांचा नोटीस पीरियड. आपण नव्वद दिवसांच्या नावाने बोटं मोडतो.

इथवरची गोष्ट एका यशस्वी गृहस्थाची आहे. अशी माणसं प्रत्येक गावात असतात. मला खरा रस आहे तो पुढच्या सोमवारात.

*

१७९५ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, इनो एदोला म्हणजे आजच्या टोकियोला गेला आणि ताकाहाशी योशितोकी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाचा शिष्य झाला. ताकाहाशीला सरकारने पंचांग सुधारण्यासाठी ओसाकाहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. देशातला या विषयातला सगळ्यात तल्लख माणूस. आणि वय किती? इनोपेक्षा १९ वर्षांनी लहान!

क्षणभर डोळ्यांसमोर आणून बघा. गावचा मोठा असामी, नातवंडांच्या वयाला आलेला, तिशीच्या पोरापुढे गुडघे टेकून म्हणतोय, मला शिकवा. आमच्याकडे सीनियर माणसाचा कोड ज्युनियरने तपासला आणि त्यात चार चुका दाखवल्या तर दोन दिवस टीममध्ये तणाव असतो. इनोला हे कसं जमलं असेल? एक धागा सापडतो. १७९१ मध्ये त्याने मुलासाठी घराण्याचे तीन नियम लिहून ठेवले होते. त्यांतला दुसरा असा, की थोरांचं तर ऐकावंच, पण आपल्यापेक्षा खालच्याने काही शहाणपणाचं सांगितलं तर तेही घ्यावं. म्हणजे दुसऱ्याला दिलेला उपदेश चार वर्षांनी स्वतः पाळला. हे दिसतं तितकं कॉमन नाही.

मग सुरू झालं रोजचं रुटीन. फुकागावातल्या घरी त्याने स्वतःच्या पैशाने छोटी वेधशाळाच उभारली. दुपारी सूर्य डोक्यावर आला की त्याची उंची मोजायची. रात्री आकाश निरभ्र असेल तर ताऱ्यांची. लिहून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गुरूच्या घरी गप्पा रंगात आल्या तरी निरीक्षणाची वेळ झाली की हा गडबडीने उठायचा, आणि त्या घाईत स्वतःच्या वस्तू तिथेच विसरून जायचा असं सांगतात. गुरूने त्याला टोपणनावही दिलं होतं, ‘सुइहो सेन्सेई’. म्हणजे साधारण ‘आकडेमोडीचे मास्तर’! गुरू शिष्याला मास्तर म्हणतोय, यातच दोघांचं काय नातं होतं ते कळतं.

आता मुख्य भाग. पंचांग अचूक करायचं तर पृथ्वी केवढी आहे हे नक्की ठाऊक हवं. म्हणजे अक्षांशाचा एक अंश जमिनीवर किती लांबीचा, हे हवं. जपानमध्ये तेव्हा यावर एकमत नव्हतं. इनोला वाटलं, यात काय अवघड आहे? माझं घर आणि सरकारी वेधशाळा यांच्या अक्षांशांत दीड मिनिटाचा फरक आहे. तेवढं अंतर मी पावलांनी मोजतो, चाळीसने गुणतो, झाला एक अंश. त्याने मोजलंसुद्धा. ताकाहाशीने पाहिलं आणि सांगितलं, असं चालणार नाही. छोट्या अंतरातली छोटी चूक तुम्ही चाळीसने गुणताय. अक्कल वापरायची तर मोठं अंतर घ्या, एदोपासून एझोपर्यंत.

एझो म्हणजे आजचं होक्काइदो. तिथे जायला सरकारी परवाना लागायचा. पण वेळ बरी होती. १७९२ मध्ये लाक्समान नावाचा रशियन दूत जहाज घेऊन तिथल्या किनाऱ्यावर येऊन गेला होता आणि सरकारला अचानक जाणीव झाली होती, की आपल्याकडे त्या भागाचा धड नकाशा नाही. तेव्हा गुरुशिष्यांनी अर्ज केला तो नकाशा काढण्याचा. पोटातला हेतू पृथ्वी मोजण्याचा! मॅनेजमेंटला एक सांगून आपल्याला हवं ते काम करून घेण्याची परंपरा बरीच जुनी आहे म्हणायची.

११ जून १८०० रोजी, ५५ वर्षांचा इनो पाच जणांना बरोबर घेऊन चालायला लागला. (संदर्भासाठी, त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात नाना फडणवीस वारले होते.) खर्चाचा मोठा वाटा स्वतःच्या खिशातून. पहिल्या मोहिमेत अंतरं मोजली ती चक्क पावलं मोजून. एक पाऊल सुमारे ६९ सेंटिमीटर, आणि ते रोज तितकंच पडावं म्हणून सराव. चढ असो, वाळू असो, पाऊस असो. १८० दिवसांनी तो परत आला. पुढच्या मोहिमांमध्ये पावलांऐवजी दोर आणि लोखंडी साखळ्या आल्या.

एक अंशाचं त्याचं उत्तर आलं २८.२ री, म्हणजे अंदाजे ११०.७ किलोमीटर. आजच्या मोजमापाशी ताडून पाहिलं तर फरक हजारात दोनेकाचा. गुरूला सुरुवातीला यावर पुरता विश्वास बसला नाही. १८०३ मध्ये लालांद या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या ग्रंथाची डच आवृत्ती त्याच्या हाती लागली, त्यातल्या आकड्यांवरून हिशोब केला, आणि उत्तर तेच! युरोपातल्या विद्वानांनी काढलेला आकडा आणि एका निवृत्त दारू-व्यापाऱ्याने चालून काढलेला आकडा जुळले. दोघांना काय आनंद झाला असेल...

*

आता माझ्यातला इंजिनियर जागा होतो, तेव्हा जरा सहन करा.

इनोने कुठलीही नवी पद्धत शोधून काढली नाही. दोन खुणांमधलं अंतर मोजायचं, दिशा होकायंत्राने घ्यायची, पुढच्या खुणेकडे जायचं. ही पद्धत त्याच्या आधीही वापरात होती. तिच्यात एक मोठी खोड आहे. प्रत्येक टप्प्यातली बारीकशी चूक पुढच्या टप्प्यात जाते आणि साठत राहते. शंभर टप्प्यांनंतर तुम्ही भलतीकडेच असता, आणि तुम्हाला ते कळतही नाही.

इनोने यावर दोन उपाय केले. दिवसा दूरचे डोंगर, विशेषतः फुजी, वेगवेगळ्या जागांवरून पुन्हा पुन्हा लक्ष्य धरून दिशा जुळतायत का ते पाहायचं. आणि रात्री, मुक्कामावर, दमून आल्यावर, यंत्र उभं करायचं आणि एकामागून एक ताऱ्यांची उंची घ्यायची. एक तारा नव्हे, जमतील तेवढे. त्यावरून त्या गावाचा अक्षांश काढायचा आणि दिवसाच्या मोजणीशी ताडायचा. म्हणजे आजची चूक आजच पकडायची, उद्यावर जाऊ द्यायची नाही.

जिथे हा रोजचा ताळा शक्य होता तिथे त्याचा नकाशा आजही थक्क करतो. जिथे नव्हता तिथे फसतो. रेखांश काढायला त्याने ग्रहणं आणि गुरूच्या चंद्रांचे वेध घ्यायचे बरेच प्रयत्न केले, पण ते फारसे जमले नाहीत. त्यामुळे नकाशात उत्तर-दक्षिण अंतरं झकास आहेत, आणि पूर्व-पश्चिम दिशेला होक्काइदो आणि क्यूशू सरकलेले आहेत. तोच माणूस, तीच मेहनत. फरक फक्त रोज तपासणी करता आली की नाही याचा.

रुटीन म्हटलं की आपल्याला कंटाळा आठवतो. तोच गजर, तीच लोकल, तीच स्टँड-अप मीटिंग. निवृत्ती म्हणजे यातून सुटका, असं आपण धरून चालतो. इनोकडे पाहिल्यावर मला वाटतं, आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखतो. एक रुटीन दुसऱ्याने लादलेलं असतं, ते सुटलं की बरं वाटतं. दुसरं आपण स्वतःला घालून घेतो, ते रात्रीच्या ताऱ्यासारखं असतं. आपण कुठे आहोत ते रोज सांगतं. ऑफिस सुटतं तेव्हा पहिल्या प्रकारचं आपोआप जातं, पण दुसऱ्या प्रकारचं आपोआप येत नाही. निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत सुकत गेलेली माणसं आपण सगळ्यांनीच आपापल्या सोसायटीत पाहिली आहेत. त्यांच्याकडे पैसा नव्हता असं नाही.

*

ताकाहाशी योशितोकी १८०४ च्या सुरुवातीला वारला. वय अवघं ३९. आधीच तब्येत खालावलेली, त्यात लालांदचा ग्रंथ समजून घेण्यासाठी जिवाचं रान केलेलं. शिष्य साठीला टेकलेला आणि गुरू आधी गेला. त्याला असाकुसाजवळच्या गेन्कूजी मंदिरात पुरलं. त्यानंतर इनो रोज सकाळी गेन्कूजीच्या दिशेला तोंड करून हात जोडायचा, असं सांगतात.

हल्ली कृतज्ञतेची ॲप्स निघाली आहेत. रोज रात्री तीन गोष्टी लिहा ज्यांबद्दल तुम्हाला बरं वाटतं. वाईट काही नाही त्यात. पण त्या तीन गोष्टी बहुतेक वेळा हवा, कॉफी आणि सूर्यास्त असतात, आणि त्यांचं आपण काही देणं लागत नाही. इनोच्या हात जोडण्यात एक माणूस होता, आणि त्या माणसाचं देणं होतं. ते त्याने फेडलं कसं? गुरूचा मुलगा कागेयासू विशीच्या आसपास होता. वडिलांची जागा त्याला मिळाली, म्हणजे अधिकृतपणे हा पोरगा आता इनोचा साहेब. इनोने त्याला जन्मभर मानाने वागवलं, आणि गुरूने सांगितलेलं काम चालू ठेवलं. १८०४ मध्ये पूर्व जपानचा नकाशा खुद्द शोगुनसमोर मांडला गेला. मग हुकूम आला, पश्चिमही करा. आता सरकारी खर्चाने.

साठीत निघालेला माणूस पुढची दहाएक वर्षं कमी-अधिक रस्त्यावरच होता. खोकल्याने हैराण असायचा. वाटेत तापाने आडवा झाला. क्यूशूकडच्या मोहिमेतून मुलीला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली आहे, की तोंडात आता एकच दात उरलाय, लोणची खाता येत नाहीत! त्याच मोहिमेच्या काळात, १८१३ मध्ये, गावी कारभार सांभाळणारा थोरला मुलगा वारला. आणि या सगळ्यात डायरी चालूच. तारीख, हवा, कुठून कुठे, कोणाच्या घरी मुक्काम, रात्री तारे दिसले की नाही. वर्षानुवर्षं. त्या डायरीत भावनांचा उमाळा शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. पण रात्री आसरा देणाऱ्या घरांची नावं मात्र जागच्या जागी आहेत.

एवढं वाचून कुणी त्याला संत करेल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. माणूस कडक होता. नियम मोडणाऱ्या शिष्यांना त्याने हाकललं, पुढे पोटच्या मुलालाही मोहिमेतून बाहेर काढलं. मोहीम सरकारी झाल्यावर वाटेतल्या गावांवर माणसं, घोडी, मुक्कामाची सोय यांचा बोजा पडायचा, आणि तो गावकऱ्यांनी हौसेने उचलला असेल असं नाही. शिवाय हे सगळं जमलं कारण आधीच्या तीस वर्षांत त्याने पैसा कमावला होता. तेव्हा एक्सेल शीटवाल्या मित्रांना मी नावं ठेवत नाही. शीट हवीच. ती फक्त पहिलं पान आहे.

आणखी एक तुलना मोह आवरत नाही म्हणून. अगदी याच काळात, १८०२ मध्ये, विल्यम लॅम्टनने मद्रासजवळ हिंदुस्थानच्या महासर्वेक्षणाची पहिली रेघ मोजली. त्यालाही अंशाची लांबीच हवी होती. त्याच्याकडे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट आणि मागे अख्खी कंपनी सरकार. तोही म्हातारपणी काम करता करताच १८२३ मध्ये वारला, कुठे माहीत आहे? आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल.

*

१८०० ते १८१६ या काळात दहा मोहिमा झाल्या. त्यांतल्या एकीला, बेटांवरच्या, इनो वयामुळे गेला नाही. बाकीच्यांत तो स्वतः सुमारे ३५ हजार किलोमीटर चालला, म्हणजे विषुववृत्ताची प्रदक्षिणा थोडक्यात हुकली. इनोउए हिसाशी या लेखकाने त्याच्यावर लिहिलेल्या कादंबरीचं नावच ‘चार कोटी पावलांचा माणूस’ अशा अर्थाचं आहे. मी ६९ सेंटिमीटरने भागून पाहिलं, पाच कोटी येतात. असो. एखादं कोटी इकडेतिकडे.

१७ मे १८१८ रोजी इनो गेला. ७३ वर्षांचा होता. (इकडे पेशवाई संपली तेच वर्ष.) पूर्ण नकाशा अजून जुळवायचा होता. तेव्हा शिष्यांनी आणि कागेयासूने एक गोष्ट केली. त्याच्या मृत्यूची बातमीच जाहीर केली नाही. तीन वर्षं सगळे जण मान खाली घालून काम करत राहिले. १८२१ मध्ये २१४ मोठ्या तक्त्यांचा नकाशा सरकारला सादर झाला, तो इनोचं काम म्हणून. मगच मृत्यू जाहीर केला. ज्यांना त्याने रागावून वागवलं, त्यांनी त्याच्यासाठी हे केलं, हे मला विलक्षण वाटतं.

पुढची कथा सुखाची नाही. कागेयासूने पाश्चात्त्य ग्रंथांच्या बदल्यात नकाशाच्या प्रती झीबोल्ट या जर्मन डॉक्टरला दिल्या, ते १८२८ मध्ये उघड झालं, आणि पुढच्या वर्षी तो तुरुंगात मेला. मूळ नकाशा १८७३ च्या राजवाड्यातल्या आगीत जळाला. इनो घराण्याने जपलेली प्रत १९२३ च्या भूकंपात टोकियोच्या विद्यापीठात जळाली. बॅकअप एकाच शहरात ठेवू नये म्हणतात ते उगाच नाही! २००१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये २१४ पैकी २०७ तक्त्यांच्या नकला सापडल्या, तेव्हा कुठे हा नकाशा जवळजवळ पूर्ण पाहता आला.

मरताना इनोने एक मागणं केलं होतं. माझ्या हातून जे झालं ते ताकाहाशी गुरूंमुळे, तेव्हा मला त्यांच्या शेजारी पुरा. टोकियोच्या उएनो भागात गेन्कूजी मंदिराच्या आवारात आजही दोन कबरी शेजारी शेजारी आहेत. एक ३९ व्या वर्षी गेलेल्या गुरूची, आणि एक ७३ व्या वर्षी गेलेल्या त्याच्या विद्यार्थ्याची.